आपलेपणाचे वाण

आज मकरसंक्रांत. भगवान सूर्यनारायण आज मकर राशीत प्रवेश करीत आहेत. काल भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि लेकुरवाळी भाजी यांचा नैवेद्य घरोघर झाला. आज सुगडांची पूजा होईल. उसाचे तुकडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या आणि तीळ यांनी भरलेली ती मातीची चिमुकली भांडी देवापुढे मांडली जातील. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर हलव्याचे दागिने घातले जातील, तान्ह्या बाळांना बोरन्हाण घातले जाईल, आणि सायंकाळी लहानथोर सारे एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलण्याचे वचन मागतील. आजपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होईल व वाणे लुटली जातील.

या सणाचे एक वैशिष्ट्य सहज ध्यानात येण्यासारखे आहे. उपवास एकट्याने करता येतो, जप एकट्याने करता येतो, पोथीही एकट्याने वाचता येते. परंतु तिळगूळ स्वतःचा स्वतःला देता येत नाही. त्यासाठी पुढे केलेला दुसरा हात लागतो. वाण लुटावयाचे तर घेणारी कोणी तरी दारी यावीच लागते. आपल्या पूर्वजांनी हिवाळ्याच्या ऐन भरात अंगाला ऊब देणारे तीळ आणि गूळ यांची योजना केली, आणि त्याच वेळी मनाला ऊब देणाऱ्या माणसांचीही योजना केली, असे म्हणावयास हरकत नाही.

माणसांच्या सहवासाने खरोखरच ऊब मिळते काय? ती केवळ काव्यात बोलण्याची गोष्ट आहे, की देहालाही तिचा काही लाभ होतो? गेल्या काही दशकांत समाजशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा चिकाटीने शोध घेतला आहे. त्या शोधातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच देशात, याच पर्वकाळात, प्रयागच्या गंगातीरी घडले. आजच्या मंगल दिवशी त्याचा परिचय वाचकांस करून द्यावा आणि त्यातून आपल्या घरच्या संक्रांतीसाठी काही बोध मिळतो का ते पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रयागच्या वाळूवरील संसार

बारा वर्षांनी येणाऱ्या कुंभाची आणि सहा वर्षांनी येणाऱ्या अर्धकुंभाची वार्ता महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचते. परंतु प्रयागला दरवर्षी माघमेळा भरतो, हे इकडे पुष्कळांच्या ध्यानी नसते. पावसाळ्यात पुराखाली जाणारे गंगेचे विस्तीर्ण पात्र हिवाळ्यात उघडे पडते आणि त्या वाळूवर तंबूंचे एक नगर वसते. मकरसंक्रांत, मौनी अमावास्या, वसंतपंचमी, माघी पौर्णिमा, महाशिवरात्र ही तेथील स्नानाची मोठी पर्वे. गंगा, यमुना आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमात बुडी मारण्यासाठी लक्षावधी भाविक येतात आणि एकदोन दिवसांत परततात.

मात्र काही भाविक महिनाभर तेथेच राहतात. त्यांना कल्पवासी म्हणतात. उत्तरेकडील महिने पौर्णिमेला संपतात, त्यामुळे आपल्या पंचांगातील पौष पौर्णिमेनंतर तिकडे माघ लागतो. पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंतचा हा कल्पवास होय. यात बहुसंख्य वयस्क, संसारातून थोडे मोकळे झालेले, आणि पुष्कळसे खेड्यांतून आलेले स्त्रीपुरुष असतात. तंबूच्या दाराशी तुळस लावावयाची, जव पेरावयाचे, जमिनीवर निजावयाचे, पहाटेच्या गारठ्यात गंगास्नान करावयाचे, दिवसातून एक वेळ साधे अन्न घ्यावयाचे, आणि उरलेला वेळ कथाकीर्तन, भजन व दानधर्म यांत घालवावयाचा, असा त्यांचा नेम असतो. बारा वर्षे हे व्रत पाळण्याची परंपरा आहे.

आता वैद्यकाच्या दृष्टीने पाहू गेले तर ही सारी परिस्थिती प्रकृतीला प्रतिकूलच म्हणावी लागेल. वय उतरणीचे, थंडी हाडे गोठविणारी, अंथरूण वाळूवरचे, गर्दी अफाट आणि ध्वनिवर्धकांचा कल्लोळ रात्रंदिवस. अशा ठिकाणी महिनाभर राहून आलेला माणूस आजारी होऊन परतेल, असेच कोणीही सांगेल. तेथील अभ्यासकांना मात्र कल्पवासी निराळेच बोलताना आढळले. त्यांच्या मुखी तृप्तीची भाषा होती.

हे बोलणे श्रद्धेपोटी केलेले आहे की त्यात तथ्य आहे, हे पाहण्यासाठी भारतातील व ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी एक मोठे संशोधन हाती घेतले. अलाहाबाद विद्यापीठातील नारायणन् श्रीनिवासन् व श्रुती तिवारी, स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे निक हॉपकिन्स आणि त्यांचे अनेक सहकारी त्यात होते. २०११ सालच्या माघमेळ्याच्या वेळी त्यांनी ४१६ कल्पवाशांना त्यांच्या प्रकृतीविषयी व मनःस्थितीविषयी प्रश्न विचारले. मेळ्याच्या सुमारे एक महिना आधी एकदा विचारले, आणि मेळा आटोपून मंडळी घरी परतल्यावर सुमारे महिन्याने पुन्हा विचारले. तुलनेसाठी मेळ्याला न गेलेल्या १२७ जणांनाही त्याच दोन वेळी तेच प्रश्न केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, घरी राहिलेल्यांच्या तुलनेने कल्पवास करून आलेल्यांनी आपले स्वास्थ्य सुधारल्याचे सांगितले. आणि हा लाभ यात्रेच्या धुंदीत नोंदविलेला नव्हता. घरी येऊन संसाराच्या रहाटगाडग्याला पुन्हा जुंपून घेतल्यावर महिन्याने तो नोंदविला गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते. हे स्वास्थ्य लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेले आहे, वैद्याने नाडी पाहून ठरविलेले नाही. आणि या संशोधनाने पुण्य मोजलेले नाही. गंगास्नानाने पाप जाते काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारलेला नाही आणि त्याचे उत्तर देण्याचा त्यांचा अधिकारही नव्हे. त्यांनी इतकेच विचारले की, इतके कष्ट सोसूनही या माणसांना बरे वाटते, ते कशामुळे?

थंडी तीच, गोंगाट तोच

या प्रश्नाचा मागोवा घेताना अभ्यासकांना काही विलक्षण गोष्टी आढळल्या. त्यांतली पहिली आवाजाची. मेळ्यात एका तंबूत प्रवचन, दुसऱ्यात भजन, रस्त्यावर चुकल्यामाकल्यांच्या घोषणा, असा अखंड कोलाहल चालू असतो. संशोधकांनी एक संदिग्ध कोलाहल ध्वनिमुद्रित स्वरूपात लोकांना ऐकविला. काहींना सांगितले की, हा मेळ्यातला आवाज आहे. काहींना सांगितले की, ही शहराच्या रस्त्यावरची वर्दळ आहे. आवाज एकच होता. तरीही तो मेळ्याचा म्हणून ऐकणाऱ्यांना अधिक सुखद वाटला आणि त्यांनी तो अधिक वेळ ऐकला. २०१३ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्या घराशेजारच्या लग्नातील सनई आणि परक्याच्या मांडवातील सनई यांत कानाला जो फरक जाणवतो, त्याचेच हे शास्त्रीय रूप नव्हे काय?

दुसरी गोष्ट थंडीची. कल्पवाशांच्या मुलाखतींतून असे दिसले की, थंडी त्यांना लागत होती, तिचा कडाका ते नाकारीत नव्हते. परंतु ती थंडी त्यांना आपल्या व्रताचा भाग वाटत होती आणि शेजारच्या तंबूतला माणूसही तीच सोशीत आहे, याचा त्यांना आधार होता. एकट्याने सोसलेली थंडी आणि सर्वांनी मिळून सोसलेली थंडी यांचे अंश सारखे असले, तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सर्वच कल्पवाशांना सारखा लाभ झाला नाही. येथे जमलेले आम्ही सारे एक आहोत, असे ज्यांना अधिक उत्कटतेने जाणवले, त्यांचे सहयात्रेकरूंशी नाते अधिक जवळचे झाले, आणि त्यांच्याच स्वास्थ्यात अधिक सुधारणा आढळली. २०१५ साली या संशोधकांनी हा दुवा प्रसिद्ध केला. ओळखदेख नसलेल्या माणसाने आपल्यासाठी वाट करून द्यावी, आपले पाण्याचे भांडे उचलावे, पाय घसरताच हात पुढे करावा, आणि आपणही दुसऱ्यासाठी तेच करावे, हा तेथील नित्याचा व्यवहार असतो. गर्दी होती म्हणून कोणाला बरे वाटले नाही. त्या गर्दीत आपण परके नाही, या जाणिवेने बरे वाटले.

गर्दीविषयीचे जुने मत

गर्दीविषयी पाश्चात्त्य विद्वानांचे मत एके काळी फार प्रतिकूल होते. गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली असे प्रतिपादन केले की, जमावात मिसळताच माणसाची विवेकबुद्धी मावळते आणि तो अविचाराच्या आहारी जातो. त्याच फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम याने मात्र १९१२ साली धार्मिक जीवनावरील आपल्या ग्रंथात निराळा विचार मांडला. लोक पवित्र कार्यासाठी एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात एक सामूहिक उल्हास संचारतो आणि त्यातून समाजाला आपल्या ऐक्याचा पुनःप्रत्यय येतो, असे त्याचे म्हणणे होते. द्युर्केम कधी प्रयागला आला नाही; परंतु संगमावरचा हा अभ्यास त्याच्याच विचाराच्या वाटेने गेला, असे दिसते.

अर्थात गर्दीचा धोका खोटा नाही. २०२५ सालच्या महाकुंभात २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ३० भाविक मृत्युमुखी पडल्याचे पोलिसांनी त्या दिवशी जाहीर केले. आपलेपणाची भावना कितीही उदात्त असली, तरी ती रुंद रस्त्याचे आणि सावध बंदोबस्ताचे काम करू शकत नाही. श्रद्धाळू माणसांच्या जिवाची काळजी वाहणे हाही धर्मच होय.

तथापि आमच्या आजच्या विषयाचे सूत्र निराळे आहे. माणसाचे स्वास्थ्य त्याच्या नात्यांवर किती अवलंबून असते, हे आता केवळ एका मेळ्याच्या अभ्यासावरून सांगितले जात नाही. २०१० साली अमेरिकेतील ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड यांनी सहकाऱ्यांसह १४८ निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित विचार केला. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या कालावधीत जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने असे सांगितले की, जगातील दर सहा माणसांत एकाला एकाकीपण ग्रासते. माणसाला माणूस लागतो, हे आपली आजी सांगत असे. आज तेच आकड्यांनी सांगितले जात आहे.

पंढरीच्या वाटेवरचा प्रश्न

येथपर्यंत वाचून श्रद्धावंत वाचकांना समाधान वाटेल, आणि ते योग्यच आहे. आपल्या यात्रा, आपले सण, आपली व्रते यांत लोककल्याणाचे बीज आहे, हे शास्त्राने मान्य केले तर कोणाला आनंद होणार नाही? परंतु या संशोधनाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून आमचे काम पुरे होणार नाही. ‘आपण’ या शब्दात जर एवढे बळ असेल, तर त्या शब्दाच्या बाहेर ठेवलेल्या माणसाचे काय होत असेल?

हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी एका विदुषीने स्वतःच्या अनुभवातून मांडला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मानववंशशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) या पंढरीच्या वारीत पायी चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. ‘परिपूर्ती’ या त्यांच्या संग्रहात तो आहे. १९६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि यात्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर टर्नर यांच्यासारखे पाश्चात्त्य मानववंशशास्त्रज्ञ त्याचा आधार घेऊ लागले. टर्नर यांचे प्रतिपादन असे होते की, यात्रेत माणसे आपले नेहमीचे मानपान विसरून एका पातळीवर येतात.

इरावतीबाईंनी वारीतला तो आनंद मनमुराद अनुभवला आणि मोकळेपणाने वर्णिलाही. परंतु त्यांच्या डोळस मनाला आणखी एक गोष्ट खुपली. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी एकच अभंग गात चालत होती. मात्र मुक्कामावर पोहोचताच चूल वेगळी आणि पंगत वेगळी होई. इरावतीबाई मराठा स्त्रियांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या स्त्रिया त्यांच्याशी अधिक मोकळेपणी बोलू लागल्या, त्यांचा हात हाती घेऊन चालू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही काहींनी सांगितले. तेव्हा एका तरुण मुलीने साधेपणाने विचारले की, तेथेही तुम्ही आमच्याशी असेच वागाल का? हा प्रश्न आपल्या काळजाला भिडला, असे इरावतीबाईंनी लिहून ठेवले आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे मोल आम्हांस फार मोठे वाटते. यात्रेतील चार दिवसांचे ऐक्य गोड खरे. पण घरी परतल्यावर, उंबरठ्याच्या आत, रोजच्या व्यवहारात ते टिकते का? प्रयागच्या संशोधकांनी यात्रेनंतर महिन्याने जाऊन जे तपासले, तेच त्या अनाम मुलीने आपल्या भाषेत आधीच विचारून ठेवले होते.

चेंडू ज्याच्याकडे येत नाही

वगळले जाण्याचा परिणाम किती खोल असतो, याचाही अभ्यास झाला आहे. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००० साली एका साध्या खेळाच्या साहाय्याने केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. संगणकाच्या पडद्यावर तिघे जण चेंडू फेकण्याचा खेळ खेळतात. त्यांत एक खरा माणूस असतो. आरंभी एकदोनदा चेंडू त्याच्याकडे येतो. पुढे इतर दोघे आपसातच खेळू लागतात आणि याच्याकडे चेंडू येईनासा होतो. एवढ्याशा प्रसंगाने, त्या दोघा खेळाडूंची तोंडओळखही नसताना, माणूस खिन्न होतो. आपण कोणाचे आहोत ही भावना, स्वतःविषयीचा मान आणि आपल्या अस्तित्वाला काही अर्थ आहे हा विश्वास, सारे खालावलेले आढळते. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, या वेळी मेंदूतील ज्या भागात हालचाल वाढते, तो भाग शरीराला इजा झाली असतानाही जागा होतो. २००४ सालच्या दुसऱ्या प्रयोगात तर खेळणाऱ्यांना आधीच सांगितले होते की, समोर माणसे नाहीत, नुसते यंत्र आहे. तरीही वगळले गेल्याचे दुःख झालेच.

हे वाचताना आमच्या मनात आजच्या संध्याकाळचे हळदीकुंकू उभे राहिले. पुष्कळ घरांत असे घडते की, चार दिवस आधीपासून तीळ निवडून, भाजून, गुळाचा पाक साधून लाडू वळणारी जी वडीलधारी स्त्री असते, तीच हळदीकुंकवाच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसते. पती निवर्तले म्हणून ती बाहेर येत नाही. बाहेर बांगड्या किणकिणतात, अत्तर लावले जाते, गुलाबपाणी शिंपडले जाते, उखाण्यांना हशा पिकतो, वाणे लुटली जातात. कोणी तिला मुद्दाम दुखवीत नाही. कोणी तिला बाहेर येऊ नका असे म्हणतही नाही. केवळ चेंडू तिच्याकडे येत नाही. आणि विचारलेच तर ती म्हणते, “मला त्याचे काही वाटत नाही, तुमचे चालू द्या.” ज्या संशोधनात यंत्राने वगळले तरी माणसाला दुःख होते असे आढळले, ते वाचल्यावर या वाक्यावर विश्वास ठेवणे आम्हांस कठीण वाटते.

ही गोष्ट थोड्यांची नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील विधवा स्त्रियांची संख्या चार कोटींहून अधिक होती. शिवाय परित्यक्ता, घटस्फोटिता आणि अविवाहित राहिलेल्या प्रौढ स्त्रिया यांनाही या मंगल प्रसंगी बहुधा बोलावणे नसते.

महाराष्ट्राने या वेदनेशी दीर्घ झुंज दिलेली आहे. इरावतीबाई ज्या घरात सून म्हणून आल्या ते घर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८९३ साली अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावात बालपण गेले, तेथेच ते परके ठरले. वगळले जाणे म्हणजे काय, हे अण्णांनी असे अनुभवाने जाणले. त्या अनुभवाने ते कडवट झाले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि पुढे हिंगण्याच्या माळावर कितीतरी विधवांना शिक्षणाबरोबरच आपले म्हणावे असे घर दिले. गोदूबाईंचे पुढचे नाव आनंदीबाई. ज्या स्त्रीला समाजाने अमंगल ठरविले, तिच्या नावातच आनंद यावा, यात एक मोठा अर्थ आहे.

हेरवाडचा ठराव

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढून घेणे या प्रथा गावातून बंद कराव्यात, असा तो ठराव होता. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा, असे सुचविले. एका लहान गावाने घेतलेला हा निर्णय साऱ्या महाराष्ट्राने कौतुकाने वाचला. अनेक ठिकाणी महिला मंडळांनी विधवा भगिनींना सन्मानाने बोलावून हळदीकुंकू करण्याचा उपक्रमही चालविला आहे.

यावर काही श्रद्धाळू भगिनी विचारतील की, हे रूढीला सोडून नव्हे काय? त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. सौभाग्याचे लेणे जपावे, ही इच्छा शुद्ध आहे. परंतु सौभाग्याची कामना करताना दुसरीच्या दुर्भाग्यावर बोट ठेवले गेले, तर त्या कामनेत गोडवा कसा उतरेल? लहानपणी जिने आपल्याला मांडीवर घेऊन हलवा भरविला, तिच्या हातचा तिळगूळ आज अमंगल कसा ठरेल? ज्या सणाचे सारे सार गोड बोलण्यात आहे, त्या दिवशी घरातील एक माणूस अबोल होऊन आत बसावे, हे सणाच्याच विरुद्ध आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

म्हणून यंदाच्या वाणाविषयी आमची एक विनंती आहे. आपल्या घरातील, आळीतील, चाळीतील किंवा सोसायटीतील अशा स्त्रीला आज केवळ निरोप धाडू नये. स्वतः जाऊन हात धरून आणावे. तिची इच्छा असेल तर हळदकुंकू लावावे. नसेल तर आग्रह न करता फूल, अत्तर, तिळगूळ आणि वाण द्यावे, आणि तिच्याकडूनही वाण घ्यावे. यांतले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. प्रयागच्या वाळूवर माणसांना बरे वाटले, ते केवळ कोणी त्यांना मदत केली म्हणून नव्हे. त्यांनीही दुसऱ्याला हात दिला, म्हणून. जिला केवळ दिले जाते ती पाहुणी राहते. जिच्याकडून घेतलेही जाते ती घरची होते. तेव्हा यंदा कोणते वाण लुटावयाचे, पहिली ओटी कोणाची भरावयाची, हे तिलाही विचारावे. सुगडांच्या पूजेला तिला पाटावर बसवावे.

घरात सासूबाई, आत्याबाई किंवा थोरली जाऊ अशी कोणी असेल, तर प्रारंभ तेथूनच व्हावा. पहिल्या खेपेस ती संकोचेल, कदाचित नकोच म्हणेल. कित्येक वर्षे आत बसण्याची सवय झालेल्या पावलांना बाहेरच्या खोलीत येण्यास थोडा वेळ लागेल. जमलेल्यांपैकी एखादी नाक मुरडील, कोणी कुजबुजेल. यजमानीण बाईंनी शांतपणे, हसतमुखाने तिला आपल्या शेजारी बसविले, तर ती कुजबूज फार वेळ टिकत नाही. घरातील पुरुषांनीही हा बायकांचा विषय म्हणून अंग काढून घेऊ नये. ती कोणाची तरी आई असते, कोणाची बहीण असते, आणि मुलाने वा भावाने उच्चारलेल्या एका शब्दाने तिला जो धीर येतो, तो इतर कशाने येत नाही.

आणि हे एका दिवसाचे कौतुक ठरू नये. वारीच्या वाटेवर त्या मुलीने इरावतीबाईंना जे विचारले, तेच आज बोलावलेली भगिनी मनातल्या मनात आपल्याला विचारणार आहे. रथसप्तमी उलटेल, सुगडे रिकामी होतील, हलव्याचे दागिने डब्यात जातील. त्यानंतरच्या मंगळागौरीला, बारशाला, डोहाळजेवणाला, लग्नातल्या घाण्याला तिची आठवण राहील काय? त्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञ देऊ शकत नाहीत, शासनाचे परिपत्रकही देऊ शकत नाही. ते प्रत्येक घराने आपल्या उंबऱ्यावर द्यावयाचे आहे. सूर्याने आपली वाट बदलण्याचा हा दिवस आहे; आपल्या घरातही आज एक पाऊल आतल्या खोलीकडे वळू द्या.